बरे असलात तरी या

आपल्या भाषेतला ‘बरा’ हा शब्द मोठा फसवा आहे. ‘ताप उतरला, आता तो बरा आहे’ असे आपण म्हणतो, तेव्हा त्याचे दुखणे संपले असा अर्थ असतो. पण ‘जावई कसा आहे हो?’ या प्रश्नाला एखाद्या सासूबाईंनी ‘बरा आहे’ असे उत्तर दिले, की ऐकणारा पुढे काही विचारीत नाही. त्या ‘बरा’मध्ये एक सुस्कारा असतो. चांगला नव्हे, वाईटही नव्हे. चालले आहे, इतकेच. एकाच शब्दात आपण पूर्णत्वही सांगतो आणि तडजोडही सांगतो, आणि बहुधा संदर्भावरून ते ज्याचे त्याला उमगते.

पण एक जागा अशी आहे, की तिथे ते उमगत नाही आणि त्या न उमगण्याची किंमत माणसाला श्वासाने मोजावी लागते. ती जागा म्हणजे इस्पितळाचे फाटक. दम्याचा रुग्ण चार दिवस खाटेवर काढून त्या फाटकातून बाहेर पडतो. घरचे म्हणतात, ‘बरा झाला.’ डॉक्टरही म्हणतात, ‘बरा आहे, घरी न्या.’ शब्द एकच. पण डॉक्टरांचा ‘बरा’ हा त्या सासूबाईंचा असतो आणि घरच्यांचा ‘बरा’ तापातून उठलेल्या पोराचा. पंधरा-वीस दिवसांनी तोच रुग्ण रात्री दोन वाजता धापा टाकीत त्याच फाटकाशी उभा राहतो, तेव्हा या दोन अर्थांची टक्कर होते.

दिवाळीच्या फराळाबरोबर हा इस्पितळाचा विषय कशाला, असे वाचकांच्या मनात येईल. पण जरा घरात नजर टाका. जाळीजळमटे काढताना उडालेली धूळ, भिंतींच्या नव्या रंगाचा वास, कढईतल्या तेलाचा धूर, पहाटेची पहिली थंडी आणि त्यावर कळस म्हणून फटाके. ज्या घरात दमेकरी आहे, त्या घरात मागच्या खोलीतून येणारी खोकल्याची उबळ ही दिवाळीच्या आवाजांपैकीच एक असते. २०१५ साली फटाक्यांविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात जो अर्ज गेला तो तीन तान्ह्या मुलांच्या नावाने गेला होता, आणि २०१८ च्या ऑक्टोबरात न्यायालयाने दिवाळीत रात्री आठ ते दहा एवढीच वेळ फटाक्यांना ठरवून दिली. तेव्हा हा विषय सणाबाहेरचा नाही. सणाच्या अगदी आतल्या खोलीतला आहे.

मी वैद्य नव्हे. सारी उमर शाळामास्तरकीत गेली. या विषयाने मला गाठले ते माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यामुळे. तो आता छातीच्या विकारांचा डॉक्टर आहे. गेल्या पावसाळ्यात तो भेटायला आला आणि चहा पिता पिता म्हणाला, “सर, आमच्या वॉर्डातला सगळ्यात अवघड रुग्ण कोणता, सांगू? फार आजारी असतो तो नव्हे. बरा होऊन गेलेला आणि महिन्याच्या आत त्याच खाटेवर परत आलेला. त्याला बघितलं की आम्हांला राग येतो. पण राग नक्की कुणाचा आला, ते मात्र कळत नाही.”

“अरे, त्याचाच येत असेल,” मी म्हटले. “औषधं सोडली असतील त्यानं.”

“सोडलेली असतातच, सर. पण का सोडली, हे विचारायला लागलं की राग सरकत सरकत भलतीकडेच जातो.”

तो गेला, पण त्याचा सरकणारा राग माझ्यापाशी राहिला. परत येणाऱ्या रुग्णाचा दोष कुणाच्या खात्यावर मांडायचा? त्याच्या, इस्पितळाच्या, घराच्या, की नशिबाच्या? हा प्रश्न वैद्यकाचा दिसतो, पण तो मुळात नीतीचा आहे असे मला वाटते. म्हणून मास्तराने त्यात तोंड घालण्याचे धाडस केले आहे.

प्रथम रुग्णाचे खाते तपासू. दम्यात श्वासाच्या नळ्यांना आतून सूज असते आणि ती सूज असल्यामुळे त्या नळ्या चटकन चिडतात व आवळतात. त्यावर औषधेही दोन तऱ्हेची. एक आवळलेली नळी लगेच मोकळी करणारे. पंपाने ओढले की पाच मिनिटांत माणूस बोलू लागतो. दुसरे आतली सूज उतरवणारे. ते रोज सकाळ-संध्याकाळ ओढायचे, आणि ओढल्यावर तत्काळ काहीसुद्धा वाटत नाही. त्याचा सारा प्रताप न घडणाऱ्या गोष्टींत असतो. न आलेला झटका, न जागवलेली रात्र, न गाठलेले इस्पितळ. आता सांगा, माणूस कृतज्ञ कुणाशी राहील? बुडताना हात देणारा आपल्याला जन्मभर आठवतो. पण नदीकाठी कठडा बांधणाऱ्याचे नाव कुणाला माहीत असते? घरात रोज उठून केर काढणारी, पाणी गाळणारी, दूध उतू जाऊ न देणारी बाई अशीच असते. तिच्या कामाचे माप ती आठ दिवस माहेरी गेली म्हणजे कळते.

म्हणून इस्पितळातून आलेला माणूस पहिला पंप उशाशी ठेवतो आणि दुसरा हळूहळू विसरतो. यात नुसता आळस नाही, एक प्रकारचे तर्कशास्त्रही आहे. त्याने औषध सोमवारी सोडले आणि मंगळवारी काही झाले नाही. बुधवारीही काही झाले नाही. शरीरानेच साक्ष दिली, की या औषधावाचून अडत नाही. अशा साक्षीवर आपण सारेच विश्वास ठेवतो. कारण आणि परिणाम यांच्यात पंधरा दिवसांचे अंतर पडले, की भलेभले फसतात. राज्ये चालवणारेही फसतात. त्यात औषधाला पैसे पडतात. ‘पंपाची सवय लागते’ अशी भीती शेजारीपाजारी घालतात. मुलगी लग्नाची असेल तर तिचा पंप पाहुण्यांच्या नजरेआड फडताळात जातो. आणि पंप ओढण्याचीही एक रीत असते. आधी श्वास सोडायचा, मग पंप दाबत सावकाश आत घ्यायचा आणि मनात दहा आकडे मोजेपर्यंत धरून ठेवायचा. ही रीत कुणी समोर बसवून शिकवली नसेल, तर औषध जिभेवर राहते आणि नळीपर्यंत पोचत नाही. विद्यार्थ्याला गणित आले नाही तर दोष त्याचा. पण ते त्याला कधी फळ्यावर सोडवून दाखवलेच नसेल तर? चाळीस वर्षे खडू हाती धरलेल्या माणसाला या प्रश्नाचे उत्तर टाळता येत नाही.

ब्रिटनमध्ये २०१४ साली तिथल्या डॉक्टरांच्या राजमान्य महाविद्यालयाने दम्याने झालेल्या मृत्यूंची एक चौकशी प्रसिद्ध केली. एकशे पंचाण्णव मृत्यू एकेक करून तपासले होते. मरण पावलेल्यांपैकी ज्यांच्या चिठ्ठ्यांची मोजदाद मिळाली, त्यांतल्या शंभरांत एकोणचाळीस जणांना शेवटच्या वर्षात तो तत्काळ आराम देणारा पंप बारांहून अधिक वेळा लिहून दिला गेला होता. म्हणजे महिन्याला एकाहून जास्त. हात देणाऱ्याला इतक्या वेळा बोलवावे लागत होते आणि कठडा कुणी बांधत नव्हते. त्या चिठ्ठ्या रुग्णाने स्वतः लिहिल्या नव्हत्या, हे ध्यानात घेतले पाहिजे. याच चौकशीतली दुसरी नोंद अशी, की दहांतला एक माणूस इस्पितळातून घरी सोडल्यावर अठ्ठावीस दिवसांच्या आत गेला. ‘बरा झाला’ म्हणून ज्या काळात घर निर्धास्त होते, तोच काळ सर्वांत नाजूक असतो. कारण झटका ओसरला तरी आतली सूज आणखी कित्येक दिवस रेंगाळत असते.

मग दोष इस्पितळाचा म्हणावा काय? अमेरिकेने तसे म्हणून पाहिले. २०१० च्या कायद्यान्वये तिथे अशी योजना झाली, की वृद्धांच्या सरकारी विम्यातून ज्यांची बिले भागतात अशा काही विकारांचे रुग्ण तीस दिवसांच्या आत प्रमाणाबाहेर परत येऊ लागले, तर त्या इस्पितळाला मिळणाऱ्या रकमेत कपात व्हावी. ऑक्टोबर २०१२ पासून ती कपात सुरू झाली. प्रथम हृदयविकाराचा झटका, हृदयाचा अशक्तपणा आणि न्यूमोनिया हे विकार त्यात होते. पुढे दम्याचा चुलतभाऊ म्हणावा असा, बहुधा धूम्रपानाने जडणारा फुप्फुसांचा जुनाट विकारही त्यात आला. खुद्द दमा त्या यादीत नाही. पण तीस दिवसांची ती फूटपट्टी मात्र सगळीकडे पसरली.

या योजनेत एक मोठी चांगली गोष्ट होती. इस्पितळाची नजर फाटकापाशी थांबत असे, ती प्रथमच रस्त्यापर्यंत गेली. घरी गेलेल्या रुग्णाला फोन होऊ लागले, औषधांची यादी समजावून सांगितली जाऊ लागली. परंतु शिक्षेची एक खोड असते. ती जिथे सोपे पडते तिथे आधी जाऊन बसते. गरीब वस्त्यांतली इस्पितळे अधिक दंडास पात्र ठरू लागली, कारण त्यांच्या रुग्णांच्या घरी परत आजारी पडण्याची सामग्रीच जास्त होती. शेवटी २०१६ साली कायदा करून, सारख्या परिस्थितीतल्या इस्पितळांचीच एकमेकांशी तुलना करावी असे ठरवावे लागले. परत येणे कमी झाले त्याबरोबर काही विकारांतले मृत्यू वाढले की काय, अशीही शंका संशोधकांनी घेतली. दुसऱ्यांनी ती खोडून काढली. तो वाद अजून मिटलेला नाही. मला त्या वादात निकाल द्यायचा नाही. मला भीती वाटते ती निराळ्याच गोष्टीची. परत येणे हा एकदा गुन्हा ठरला, की त्याची लाज कुणाला तरी वाटू लागते. आणि लाज ही पाण्यासारखी असते. ती उतारावरून वाहत सर्वांत खालच्या माणसापाशी साचते.

आमची थोरली आत्या दमेकरी होती. तमकश्वासाचे चरकाने जे वर्णन केले आहे, की आभाळ भरून आले, गारठा पडला, पूर्वेचा वारा सुटला की दुखणे वाढते, आणि आडवे झाल्यावर नव्हे तर उठून बसल्यावर चैन पडते, ते मी पुढे वाचले तेव्हा मला हजारो वर्षांपूर्वी कुणी आत्यालाच पाहून ठेवल्यासारखे वाटले. १९९४ च्या पावसाळ्यात तिला झटका आला, इस्पितळात ठेवावे लागले, पाचव्या दिवशी घरी सोडले. अठराव्या दिवशी पुन्हा न्यावे लागले. नाव लिहून घेणाऱ्या माणसाने वहीतून मान वर केली आणि साऱ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटले, “काय आजी, मागच्या महिन्यातच तर गेलात! पुन्हा आलात?”

तो दुष्ट नव्हता. दिवसभर माणसे लिहून दमलेला होता, इतकेच. त्याने कदाचित थट्टाही केली असेल. आत्या त्या वेळी बोलू शकत नव्हती. पण ते वाक्य तिने मनात ठेवले. त्यानंतर दीड महिन्याने, नवरात्राच्या सुमारास, तिला रात्री एकच्या पुढे धाप लागली. घरात नऊ माणसे झोपलेली होती. तिने कुणालाही उठवले नाही. खिडकीचे गज धरून ती पहाटेपर्यंत बसून राहिली. पाचला वहिनी पाणी तापवायला उठल्या तेव्हा आत्याची नखे निळी पडली होती. “अहो आत्या, हाक नाही का मारायची?” वहिनी रडत म्हणाल्या. आत्याला त्या दिवशी ऑक्सिजनने वाचवले आणि पुढे ती नऊ वर्षे जगली. पण त्या प्रश्नाचे उत्तर तिने चार दिवसांनी दिले ते असे: “सारखं सारखं काय जायचं गं! लोक काय म्हणतील?”

या वाक्यापुढे मला तीस दिवसांची फूटपट्टी फार तोकडी वाटते. त्या ब्रिटिश चौकशीतली एक नोंद मी मुद्दाम मागे ठेवली होती. त्या एकशे पंचाण्णव माणसांपैकी शंभरांत पंचेचाळीस जण, कुणाला मदतीला बोलावण्यापूर्वी किंवा बोलावलेली मदत पोचण्यापूर्वी मरण पावले होते. म्हणजे त्यांनी फाटक गाठलेच नाही. कोणत्याही इस्पितळाच्या वहीत त्यांची ‘परत आला’ अशी नोंद झाली नसणार. नुसती परत येणारी माणसे मोजली, तर हिशेबात हे मृत्यू यश म्हणून जमा होतील! परत येणाऱ्यांपैकी कित्येक जण कुणाच्या तरी हयगयीने परत येतात, हे खरे. पण कित्येक जण शहाणपणाने येतात, हेही तितकेच खरे. धाप वाढते आहे, पंपाने उतरत नाही, आता उठले पाहिजे, असे ज्याला वेळेवर कळले आणि जो भीड न बाळगता आला, त्याने चूक केली नाही. त्या रात्री करण्याजोगी एकमेव बरोबर गोष्ट त्याने केली. परत येण्याचे कारण जरूर शोधावे. परत आल्याबद्दल मात्र कुणाला खाली पाहायला लावू नये.

पण कारण शोधायचे म्हटले, की माझ्या विद्यार्थ्याचा राग आणखी सरकतो आणि घराच्या भिंतीपर्यंत जातो. अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहरातल्या मुलांच्या इस्पितळात डॉक्टरांनी वकिलांशी हातमिळवणी केली. घराच्या दुर्दशेमुळे आजारी पडणाऱ्या मुलांची प्रकरणे वकिलांकडे जाऊ लागली, तेव्हा २०१० च्या उन्हाळ्यात असे दिसून आले, की वेगवेगळ्या आईबापांच्या तक्रारींतले पत्ते फिरून फिरून एकाच मालकाच्या इमारतींचे निघत आहेत. ओल, बुरशी, झुरळे, नादुरुस्त खिडक्या. भाडेकरूंना संघटित करून दुरुस्त्या करून घ्याव्या लागल्या. डॉक्टरने मुलाच्या छातीला नळी लावली होती, पण घरघर खरी भिंतीत होती! बोस्टनच्या मुलांच्या इस्पितळाने २००५ पासून माणसे घरोघर पाठवण्याचा उपक्रम चालवला. ती माणसे औषधे समजावीत, तशीच गाद्या-उशांना धूळ न शिरणाऱ्या खोळी आणि केर ओढणारे यंत्रही देत. ज्या घरांत ती गेली, तिथल्या मुलांच्या इस्पितळाच्या फेऱ्या पुष्कळ कमी झाल्या.

आपल्याकडची यादी निराळी असली तरी तिचा अर्थ तोच आहे. पावसाळ्यात पाझरणारी भिंत, एकच खोली आणि तीतच स्वयंपाक, डासांसाठी रात्रभर जळणारी उदबत्ती, शेजारी चालू असलेल्या बांधकामाची धूळ, बिऱ्हाडकरूने सांगूनही न ऐकणारा घरमालक. बाराव्या शतकाच्या अखेरीस कैरोतल्या मैमोनिदीस नावाच्या थोर वैद्याने एका बड्या घरच्या दमेकऱ्यासाठी अरबी भाषेत एक पुस्तकच लिहून दिले. त्यात औषधे आहेत. पण त्यांच्या आधी खाणे, पिणे, हवा, झोप, मनाचे क्षोभ यांविषयी प्रकरणांमागून प्रकरणे आहेत. तो रुग्ण भाग्यवान. त्याला हवा निवडता येत होती. आमच्या आत्याला खिडकीचे गज तेवढे निवडता आले. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणे २०१९ साली जगात २६ कोटी २० लाख माणसांना दमा होता आणि त्या एका वर्षात साडेचार लाखांहून अधिक माणसे त्याने दगावली. त्यांतली बहुसंख्य गरीब आणि बेताच्या मिळकतीच्या देशांतली. दमा श्रीमंतांनाही होतो. पण त्याने मरण्याचे काम मुख्यतः गरिबांकडे आले आहे.

तर मग दोष सर्वांचा, असे म्हणून मोकळे व्हायचे काय? मला तसे करवत नाही. जो दोष सर्वांचा असतो तो कुणाचाच नसतो, हे आपण सार्वजनिक नळापाशी रोज पाहतो. मला वाटते, दोषाच्या आधी आपण आपल्या कल्पनेतली एक पोकळी भरून काढली पाहिजे. आपण माणसाच्या दोनच अवस्था मानतो. तो आजारी तरी असतो, नाहीतर बरा तरी असतो. आजारी असेल तर तो डॉक्टरांचा. बरा असेल तर त्याचा तो. मधल्या माणसाला मालकच नाही.

आपल्या जुन्या वैद्यांनी मात्र ही मधली जागा ओळखली होती आणि तिला एक सुरेख नाव दिले होते. रोग साध्य असतो, असाध्य असतो, आणि तिसरा ‘याप्य’ असतो. याप्य म्हणजे जो मुळासकट जात नाही, पण जपणूक केली तर माणसाला सुखाने जगू देतो. जपणूक थांबली की उसळतो. चरकाने श्वासाचे पाच प्रकार सांगितले आणि त्यांतला तमकश्वास, म्हणजे आपला दमा, याप्य म्हटला. नुकताच उद्भवला असेल तर मात्र साध्य. आणि याप्य रोग्याला उपचार कसा सांभाळतो, यासाठी सुश्रुताने दिलेला दृष्टान्त कोकणातल्या कुणाही घरधन्याला पटेल असा आहे: पडू पाहणाऱ्या घराला नीट लावलेला टेकू जसा सावरून धरतो, तसा.

टेकूची गंमत अशी, की घर उभे दिसू लागले म्हणजे तो निरुपयोगी वाटतो. घर पडत नाही, मग हा वासा वाटेत कशाला? आणि तो काढला, तरी घर त्याच क्षणी पडत नाही. चार पावसांनी पडते. आपण इस्पितळातून माणूस घरी आणतो तो उभा दिसतो म्हणून, आणि टेकू फाटकापाशीच ठेवून येतो.

आपल्याला टेकू आवडत नाही, कायमचा उपाय आवडतो. कोजागिरीच्या रात्री चांदण्यात ठेवलेल्या खिरीतून दम्याचे औषध घ्यायला आपल्याकडे माणसे गर्दी करतात. हैदराबादेस मृगाच्या तोंडावर औषध भरलेला जिवंत मासा गिळण्यासाठी दूरदूरच्या प्रांतांतून हजारोंची रांग लागते. या उपायांनी दमा जातो, असे सिद्ध झालेले नाही. परंतु त्या रांगेला हसण्याचा अधिकार मला वाटत नाही. रात्रीमागून रात्री बसून काढणाऱ्या माणसाने ‘एकदाच काय ते होऊन जाऊ दे’ असे म्हटले, तर त्यात अंधश्रद्धेपेक्षा थकवा अधिक असतो. त्याला कुणीतरी सांगितले पाहिजे, की जन्मभर टेकू लावून जगणे म्हणजे पांगळे होणे नव्हे. कोकणात दर वर्षी पावसाळ्यापूर्वी घर शाकारतात. कौले उतरवायची, फुटकी बदलायची, पुन्हा बसवायची. त्यावरून ते घर रोगट आहे असे कुणी म्हणत नाही. ज्याचे शाकारलेले नसते त्याच्याकडेच लोक चिंतेने पाहतात. चष्मा लावणारा माणूस रोज सकाळी चष्मा लावतो आणि त्याला पराभव मानीत नाही. मग रोज सकाळी पंप ओढणाऱ्या मुलीनेच तो फडताळात का लपवावा?

याप्य माणसाला मालक हवा, असे मी म्हटले. तो एकच असावा असे नाही. पण प्रत्येकाच्या वाट्याचा टेकू ठरलेला असावा. इस्पितळाने घरी सोडण्यापूर्वी पंप हातात देऊन, समोर ओढायला लावून, चुकला तर पुन्हा ओढायला लावून मगच सोडावे. आणि एका कागदावर, घरातल्या सर्वांना वाचता येईल अशा भाषेत, रोज काय घ्यायचे, धाप वाढली तर काय घ्यायचे आणि कोणत्या खुणा दिसताच क्षणभर न थांबता निघायचे, हे लिहून द्यावे. आठवड्याच्या आत एकदा भेटीचा दिवस ठरवावा. घराने तो कागद देवघराच्या नव्हे तर स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावावा आणि रात्री हाक मारली गेली तर उठण्याची तयारी ठेवावी. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, हाक मारायला संकोच वाटू नये असे दिवसा वागावे. शेजाऱ्याने आपली फटाक्यांची माळ कुणाच्या खिडकीखाली पेटते आहे एवढे पाहावे. घरमालकाने भिंत पाहावी, आणि नगरपालिकेने घरमालकाकडे पाहावे. रुग्णाच्या वाट्याला काहीच नाही असे नव्हे. रोजचा न जाणवणारा उपकार रोज स्वीकारण्याची शिस्त, ही त्याचीच. ती दुसऱ्या कुणाला त्याच्यासाठी पाळता येत नाही. पण शिस्त मागण्याचा अधिकार, ज्याने आपला टेकू जागेवर ठेवला आहे त्यालाच असतो.

मराठी घरात निरोप घेताना ‘जातो’ म्हणत नाहीत, ‘येतो’ म्हणतात. त्याला अपवाद इस्पितळ. तिथून निघताना ‘येतो’ म्हणणे अशुभ, आणि डॉक्टरही हसून म्हणतात, “आता पुन्हा इथं यायचं नाही हं!” तो आशीर्वाद आहे हे मला कळते. हाडे मोडलेल्याला, विषमज्वर होऊन गेलेल्याला तो अगदी योग्य आहे. पण दमेकऱ्याच्या कानात तो आज्ञेसारखा बसतो, आणि मग कुणी आत्या रात्रभर गज धरून बसते.

हे मी माझ्या त्या विद्यार्थ्याला पत्राने कळवले. त्याचे उत्तर परवाच आले. त्याने लिहिले आहे: “सर, तुमचं पटलं. या महिन्यापासून घरी सोडताना दमेकऱ्यांना मी वेगळं सांगतो. सांगतो की, पुढच्या मंगळवारी या. आणि बरे असलात तरी या.”